गल्लीगणिक शेवट

ज्या वर्षी नगरमधल्या मुलांनी पियानोवर चुकणं बंद केलं, त्या वर्षी रूथ पाटोळेंच्या चुकांच्या वहीला बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच सुट्टी मिळाली.

वही लांबट, कापडी पाठीची. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान, आणि पानावर तारीखवार नोंद: कुणाचं बोट कुठे घसरलं, कुणी कुठली मात्रा गिळली. विद्यार्थी पुढे बँकेत मॅनेजर होवो नाहीतर तीन पोरांची आई, रूथ टीचरच्या लेखी तो ‘डावी करंगळी आळशी’ आणि ती ‘तिसऱ्या ओळीत घाई’. लग्नाच्या पंगतीत भेट झाली तरी त्या आधी करंगळीकडे बघायच्या, मग चेहऱ्याकडे. मिशन हॉलमधल्या त्यांच्या क्लासबद्दल गावाला आदर होता. त्यातला अर्धा आदर खरं तर भीती होती, हे त्यांना माहीत होतं आणि चालत होतं.

मग हातमोजे आले. आणले ते त्यांच्या सख्ख्या भावाने.

आमोस त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा. लहानपणी ताईकडे तीन महिने पियानो शिकला आणि एक दिवस खिडकीतून उडी मारून जो पळाला तो पुन्हा बाकावर बसला नाही. वहीतलं पहिलं पान त्याचंच. एक्केचाळीस चुका. तो हे विसरला नव्हता, आणि ताईने ते पान फाडलं नव्हतं. दोघांत भाऊबीज, नाताळ, आजारपणं सगळं रीतसर चालायचं. फक्त पियानोचा विषय कुणी काढायचा नाही, असा न बोलता झालेला करार होता. तो आमोसने मोडला. हॉलच्या समोरच, तारकपूरच्या रस्त्यावर, ‘अंगुली’ नावाच्या कंपनीचं केंद्र त्याने थाटलं.

हातमोजा दिसायला साधा, बोटांची टोकं उघडी ठेवणारा. प्रत्येक बोटाच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढी एक मोटर. रचना निवडली की मोटरी त्या रचनेच्या क्रमाने थरथरू लागत: आता तर्जनी, आता अनामिका, आता अंगठा आणि करंगळी एकदम. मुलाने वाजवायचं काहीच नाही. पोहे खावेत, भूगोल वाचावा, क्रिकेट बघावं. कातडीखालच्या नसा तो क्रम मेंदूला कळवत राहतात. मेंदूच्या अगदी आत एक भाग असतो, त्याचं काम सवयींची गाठोडी बांधणं. शर्टाची बटणं लावताना आपण विचार करत नाही, ते त्या गाठोड्यांमुळे. हातमोजा चाळीस तासांत असं एक गाठोडं बांधून द्यायचा. मग मूल पियानोसमोर बसलं की गाठोडं सुटायचं आणि हात वाजवत सुटायचा. एकही चूक नाही, कारण चुकायला आधी निवडावं लागतं, आणि इथे निवडायला काही उरलेलंच नसायचं.

दिवाळीपर्यंत बावीस विद्यार्थ्यांपैकी एकोणीस जणांच्या हातांवर मोजे चढले. मुलं हॉलमध्ये यायची ती केवळ खरा पियानो तिथे होता म्हणून.

“ताई, पेन्सिल ठेव आता खाली,” आमोस दारात उभा राहून म्हणाला. “टोकसुद्धा झिजत नाही तिचं.”

“तुझ्या पानाच्या वेळी दोन लागल्या होत्या,” रूथ टीचर म्हणाल्या.

केंद्राच्या पाटीवर आमोसने स्वतःच्या मुलीचा फोटो लावला होता. केझिया, वय बारा. नऊ महिन्यांत नऊ मोठ्या रचना. ऐकणारे तोंडात बोट घालायचे, आणि घातलेलं बोट काढून हातमोज्याची चौकशी करायचे.

जानेवारीत एकदा केझिया अशीच एक रचना वाजवत असताना रूथ टीचरनी तिला मध्येच थांबवलं.

“चौथ्या ओळीपासून घे गं.”

केझियाने सुरुवातीपासून घेतलं.

“चौथी म्हटलं मी.”

“मधून येत नाही आत्या. पहिल्यापासून गेलं की चौथी आपोआप येते.”

“बरं. मग हा ग सोड आणि त्या जागी म घे.”

केझियाने मान डोलावली, वाजवलं, आणि ग वाजला. पुन्हा वाजवलं. पुन्हा ग. तिसऱ्या वेळी तिने डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं, रडक्या मुलाला धरावं तसं. तरी ग.

“आत्या,” ती हळूच म्हणाली, “हा माझं ऐकत नाही.”

रूथ टीचरनी वही मिटली. असली चूक कुठल्या रकान्यात मांडायची, ते त्यांना कळेना.

हळूहळू सगळ्यांच्याच हे लक्षात आलं. गाठोडं सुटायचं ते अख्खं सुटायचं. मधली एकच घडी बदलायची सोय त्यात नव्हती. आणि जितकी गाठोडी जास्त, तितका हात नवं काही करायला नाखूष. मुलांनी त्याला नाव दिलं, ‘हात रुळावर जाणं’. बोटांनी टेबलावर काही वाजवायला गेलं तरी चार बोटांनंतर एखादी मोज्यातली रचना सुरू व्हायची.

रूथ टीचर तडक समोरच्या केंद्रात गेल्या.

“पोरीचा हात तिचा राहिला नाही, आमोस.”

“आणि तुझ्या क्लासात माझा होता?” आमोस खुर्चीतून उठलासुद्धा नाही. “एकदा मी शेवटी माझ्या मनाचा एक सूर लावला होता. सात वर्षांचा होतो. तू काय केलंस? पट्टी मारलीस आणि वहीत लिहिलंस. माझ्या केंद्राला नावं ठेवू नकोस ताई. तू बिनबॅटरीचा हातमोजा होतीस.”

उत्तर द्यायला रूथ पाटोळे कुणाला हार जात नसत. त्या दिवशी मात्र त्या रस्ता ओलांडून परत आल्या आणि बराच वेळ पियानोचं झाकण पुसत बसल्या. बोलणं लागलं होतं, आणि लागलं होतं ते खरं होतं म्हणून.

फेब्रुवारीत पियानोच्या परीक्षा मंडळाचं पत्रक आलं. सगळ्याच उमेदवारांना अठ्ठ्याण्णव गुण पडू लागल्यामुळे मंडळाची पंचाईत झाली होती. आता नवा नियम: उमेदवाराने एक ओळखीची धून घ्यावी, तिची स्वतः रचलेली तीन नवी रूपं वाजवावीत, आणि चौथं रूप परीक्षक सांगेल त्या अटीवर, तिथल्या तिथे.

पंधरा दिवसांत ‘अंगुली’ने ‘तयार रूपं’ बाजारात आणली. दहा धुना, प्रत्येकीची तीन रूपं, चाळीस तासांत हातात. केंद्रासमोर पालकांच्या स्कूटर मावेनात. चौथ्या रूपाचं काय, असं कुणी विचारलं तर आमोस म्हणायचा, “तीन भागिले चार म्हणजे पंचाहत्तर टक्के. डिस्टिंक्शन!”

केझियाने मात्र हातमोजे काढून त्याच्या टेबलावर ठेवले.

“मी नाही घालणार, पप्पा.”

“अगं, पाटीवर फोटो आहे तुझा!”

“मग फोटोलाच बसवा परीक्षेला.”

आत्याची भाची शोभते खरी, असं आमोसच्या मनात आलं, पण तो बाप होता आणि केंद्रचालकही. त्याने मुदत घातली. परीक्षेच्या आठ दिवस आधीच्या रविवारपर्यंत आत्याकडे काय करायचं ते कर. तीन रूपं झाली तर ठीक, नाही तर त्या रात्रीपासून हातमोजे. चाळीस तास बसवायला तेवढे दिवस लागतातच.

पहिला आठवडा फुकट गेला. रूथ टीचरनी उपासनेतली गीतं काढली, नाताळची गाणी काढली, अंगाई काढली. केझिया दोन सूर बदलायची आणि तिसऱ्याला हात रुळावर. रूथ टीचरना एक गोष्ट फार उशिरा आणि फार बोचून कळली. ह्यातली निम्मी गाणी हातमोज्यात नव्हतीच. ती त्यांनीच शिकवलेली होती, पट्टी घेऊन. त्या रुळांचं लोखंड त्यांचंच होतं.

दुसऱ्या सोमवारी सकाळी हॉलमध्ये तिघं होती: केझिया, भिंगारची मलिहा आणि सावेडीचा चिन्मय. मागच्या गल्लीतून घंटागाडी गेली. महापालिकेची कचरा गोळा करणारी गाडी, आणि तिच्या भोंग्यावरची ती धून. नगरमध्ये जन्मलेल्या कुणालाही ती ‘शिकल्याचं’ आठवत नाही. दात आल्यासारखी ती आलेली असते.

“हे तरी येतं का वाजवता?” रूथ टीचर वैतागून म्हणाल्या.

तिघांनी आळीपाळीने वाजवली. हसत, सहज. केझिया दुसऱ्या ओळीतल्या ध वर थांबली. मलिहा त्याच्याही आधी, रे वर. चिन्मय जवळजवळ शेवटपर्यंत जाऊन नि वर लटकला. जिना उतरताना शेवटची पायरीच नसावी तसा.

कित्येक महिन्यांनी तीन चुका! रूथ टीचरनी आनंदाने पेन्सिल उचलली.

“तिघंही चूक. दुसरी ओळ पुरी होते आणि शेवटी सा येतो.”

“नाही येत,” केझिया म्हणाली. “ध ला संपतं. मग सगळ्या बायका ओरडतात, आले, आले!”

“ए, ध काय?” मलिहा म्हणाली. “रे ला संपतं. ध बिध काही नसतं.”

“तुमच्याकडे गाडीच अर्धी येत असेल,” चिन्मय म्हणाला. “आमच्याकडे नि आहे.”

“टीचर, तुम्ही सा कुठे ऐकला?” मलिहाने विचारलं.

“दररोज ऐकते. माझ्या खिडकीखाली.”

“तुमच्या खिडकीखाली असेल,” केझिया म्हणाली. “आमच्या गल्लीत नाहीये.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शहराने एक अजब दृश्य पाहिलं. घंटागाडीत ड्रायव्हर रफिकभाईंच्या शेजारी, मांडीवर पर्स आणि पर्सवर वही ठेवून, पियानो टीचर बसल्या होत्या.

“सोपं आहे बाई,” रफिकभाई म्हणाले. “वळणावर बटण दाबलं की गाणं पहिल्यापासून लागतं. बायका बादल्या घेऊन उभ्या असतात तिथं थांबायचं आणि बंद करायचं. गल्ली लांब तर गाणं लांब. नाहीतर डोकं उठतंय हो, दिवसाला दोनशे वेळा!”

“पुरं कुठे वाजतं?”

“तुमच्या हॉलच्या रस्त्याला. तेवढाच लांब आहे. बाकी शेवट कुणी ऐकलेला नाय.”

चाळीस गल्ल्या झाल्या. रूथ टीचरनी एकेका गल्लीपुढे एकेक सूर लिहिला. आजवर त्या वहीत ज्याला चूक म्हणत आल्या तसलीच ती यादी दिसत होती, पण ह्यातला एकही सूर चुकीचा नव्हता. ते फक्त त्या त्या मुलाच्या घराचे पत्ते होते.

घरी येताना त्यांच्या डोक्यात गोष्ट जुळली. मेंदूचा स्वभाव असा की एक सूर ऐकला की तो पुढचा आधीच धरून बसतो. धरलेला आला की सवय घट्ट होते. रूळ पडतात ते असे. पण सूर आलाच नाही तर? केझियाच्या गल्लीत दहा वर्षं दर सकाळी धून ध वर तुटली होती, आणि दर सकाळी तिच्या मेंदूने पुढचं आपलं आपण काहीतरी पुरं केलं होतं. आज असं, उद्या तसं. हजारो वेळा. म्हणजे मुलीच्या डोक्यात ही एकच धून अशी होती की जिच्या पुढे रूळ नव्हते, मोकळं मैदान होतं. हातमोज्याला ते बांधता आलं नव्हतं, आणि देवाच्या कृपेने रूथ टीचरनी ते कधी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी केझियाला बाकावर बसवलं.

“वाजव. ध पर्यंत.”

केझियाने वाजवलं.

“आता पुढे.”

“पुढे काय?”

“ते तू सांगायचं.”

केझियाचा हात हवेत राहिला. रूथ टीचरनी मनात अकरा आकडे मोजले. बोट खाली आलं ते कोमल ग वर. धड आनंदाचा नाही, धड दुःखाचा नाही, भलत्याच घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा सूर. ‘च्च’ करायला रूथ टीचरची जीभ टाळ्याला लागली होती. ती त्यांनी दाताखाली धरली.

“चुकलं?” केझियाने विचारलं.

“मला काय माहीत? मी राहते का तुझ्या गल्लीत?”

केझिया हसली. कोमल ग पुन्हा वाजवला, जरा रुबाबात. मग त्याला एक शेजारी दिला. मग त्या दोघांच्या खाली डावा हात घातला, आणि डावा हात गाडीच्या इंजिनासारखा गुरगुरू लागला.

पुढचे दिवस पंख लागल्यासारखे गेले. पहिलं रूप झालं ते सकाळच्या घाईचं: तीच धून, पण दुप्पट वेगात, एक चप्पल पायात आणि एक हातात. दुसरं रविवारचं. त्या दिवशी गाडी येत नाही, म्हणून धुनेचे सूर एकेक दिवा मालवावा तसे कमी होत जायचे आणि ऐकणारा उरलेले मनात म्हणायचा. तिसऱ्यात केझियाने मलिहाचा रे आणि चिन्मयचा नि उसने घेतले. तीन गल्ल्या एकमेकींशी भांडू लागल्या. भांडण इतकं झकास जमलं की मलिहा आणि चिन्मयनेही आपापले हातमोजे दप्तरात टाकले आणि आपापला तुटका शेवट घेऊन बाकावर जागा धरायला लागले. हात अजूनही रुळावर जायचा, दिवसातून दोनदा, चारदा. पण आता केझियाला परतीची वाट माहीत होती: ध वर यायचं आणि तिथून उडी मारायची.

मुदतीच्या रविवारी आमोस आला. खिशात हातमोजे फुगलेले दिसत होते. तिन्ही रूपं त्याने उभ्यानेच ऐकली.

“काहीतरी चुकतंय ह्यात,” तो म्हणाला.

“कुठे?” रूथ टीचरनी वही पुढे केली. “दाखव. लिहून ठेवते.”

आमोसने डोकं खाजवलं. चूक काही सापडेना.

“तीन झाली, कबूल. पण चौथं? परीक्षक काहीही अट घालेल. तिथे हात रुळावर गेला म्हणजे?”

रूथ टीचरनी पुढे केलेली वही मागे घेतली. “जाऊ शकतो,” त्या म्हणाल्या.

“मोजे घातले तर तीन तरी पक्की.”

दोघांनी केझियाकडे पाहिलं. ती झाकण लावत होती. “तीन माझी आहेत ना,” ती म्हणाली. “चौथं जाईल तर जाईल. निदान गेलेलं तरी माझं असेल.”

परीक्षा पुण्यात. परीक्षक दस्तूर नावाचे वृद्ध पारशी गृहस्थ, कानात यंत्र, हातात घड्याळ. दरवाजा बंद, पण जुन्या लाकडी दरवाजांना गुपितं ठेवता येत नाहीत; बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू यायचं. केझियाआधीच्या चार उमेदवारांची तीन-तीन रूपं तुपात तळल्यासारखी आली. मग परीक्षकाची अट. मग शांतता, आणि शांततेनंतर प्रत्येक वेळी पहिलंच रूप पुन्हा सुरू. चौघंही खाली मान घालून बाहेर आली. चौघांच्याही हातांवर मोज्यांचे वळ होते. आमोसने ते ओळखले आणि तो बाकावर जरा आवरून बसला.

केझिया आत गेली. सकाळची घाई झाली. रविवार झाला. तीन गल्ल्यांचं भांडण झालं, आणि त्यात दस्तूर साहेबांचा खोकला की हसू असा काहीतरी आवाज मिसळला.

“छान,” आतून आवाज आला. “आता चौथं. ह्या धुनेत तुझा ध फार लाडका दिसतो. तो सूर वापरायचा नाही.”

बाहेर रूथ टीचरनी डोळे मिटले. ध काढला म्हणजे उडी मारायची फळीच काढली.

आत केझियाने सुरुवात केली. पाच सूर. आणि मग, ज्याची भीती होती तेच: उजवा हात सुटला, हातमोज्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात चकचकीत रचना, पाटीवर फोटोखाली जिचं नाव होतं ती, धडाधड वाजू लागली. आमोसनेच ती निवडली होती. आता त्याने कपाळाला हात लावला.

दोन ओळी. आणि मध्येच, जिथून कुणालाच थांबता येत नाही अशा जागी, ती थांबली.

रूथ टीचर मोजत होत्या. चार. सात. नऊ.

मग डावा हात एकटाच आला. घंटागाडीची धून, सावकाश, खालच्या सुरांत. ध ची जागा आली तिथे सूर नव्हता; तिथे केझियाने पियानोच्या लाकडावर टक् केलं. पुढच्या वेळी टक् टक्. बादल्या आदळू लागल्या, गाडीची फळी वाजू लागली, जिथे खड्डा होता तिथेच सगळी वरात नाचू लागली. आणि मग उजवा हात परत आला. त्याने ती चकचकीत रचना बरोबर आणली होती, पण आता ती रुळावर नव्हती. तिचे दोन-दोन, तीन-तीन सूर खुडून केझिया ते धुनेवर उधळत होती, ह्या टोकाचा तिकडे, त्या टोकाचा इकडे. नऊ महिन्यांचं गाठोडं तिने भर रस्त्यात सोडलं होतं आणि त्यातलं हवं तेवढंच उचलत होती.

“हात ऐकतोय गं तिचा,” आमोस म्हणाला.

“ऐकतोय,” रूथ टीचर म्हणाल्या.

आतून आणखी एक टकटक ऐकू आली. ती टेबलावरची होती, म्हाताऱ्या बोटांची. घड्याळ बहुधा बाजूला ठेवलं गेलं होतं. पुढच्या उमेदवाराच्या आईने बारा मिनिटं झाल्याची तक्रार केली. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही.

धून शेवटाकडे येऊ लागली. आमोस उठून दाराला कान लावून उभा राहिला. मुलीच्या नऊच्या नऊ रचनांतली प्रत्येक ओळ त्याला पाठ होती. पुढे काय येणार हे न कळण्याची वेळ त्याच्यावर वर्षभरात आली नव्हती.

“ताई, आता काय येणार?”

“मला नाही माहीत.”

“तू शिकवलंस ना?”

“हे नाही शिकवलं,” रूथ टीचर म्हणाल्या. त्याही उठल्या, आणि भावाच्या डोक्याच्या जरा वर, त्याच दाराला त्यांनी कान लावला.

दोघांनी मनात एकेक सूर धरला. आतून तिसराच आला.